कायम होईपर्यंत

प्राध्यापकांच्या निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून जाणं म्हणजे एका दिवसाचं जावईपण असतं. सकाळी दारात गाडी येते. गाडीत गार पाण्याची बाटली ठेवलेली असते आणि मॅडमना काही विचारायचं नाही असं ड्रायव्हरला बजावलेलं असतं, त्यामुळे तो बिचारा सगळा रस्ता आरशातून माझ्याकडे बघत गप्प बसतो. पोचल्यावर शाल, नारळ, गुलाबाचं फूल. दुपारच्या जेवणात दोन गोड पदार्थ, आणि दोन्हींचा आग्रह. सोलापुरात थंडी नावापुरतीच पडते, तरी माझ्या कपाटात एके काळी शालींची अख्खी फळी होती.

आता गाडी येत नाही. ती का येत नाही, हे सांगायला मी बसले आहे. या अंकाचे संपादक हा लेख गेल्या दोन दिवाळ्या मागत होते आणि दोन्ही वेळा मी गुडघेदुखीचं कारण पुढे केलं. गुडघे दुखत होते हे खरं, पण लेख न देण्याचं कारण ते नव्हतं. माणसांची नावं मी बदलली आहेत.

मी मराठीची प्राध्यापक. सगळी नोकरी सोलापुरातच झाली. जन्म मात्र शहराच्या पूर्व भागातला, तेलुगू घरातला. वडील मागावर, अम्मा विड्या वळायची, आणि आमच्या बोळात मराठी फक्त पोस्टमन बोलायचा. माझ्या मुलाखतीत एका सदस्यांनी विचारलं होतं, "घरी तेलुगू बोलता, मग पोरांना मराठी कसलं शिकवणार?" मी काहीतरी उत्तर दिलं. नोकरी मला मिळाली. पण का मिळाली ते ऐका. त्या दिवशी दुसरा उमेदवार आलाच नाही. त्यामुळे मी निवडली गेले की उरले, हे मला आजतागायत कळलेलं नाही. स्टाफरूममध्ये मी तेलुगू बाई होते आणि माहेरी गेले की मराठी बाई. लग्न केलं नाही, त्यामुळे तिसरीकडे कुठं जाऊन काही वेगळं होण्याचाही प्रश्न आला नाही.

आता हा धंदा कसा चालतो ते थोडक्यात सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं, शिकला आणि लागला. कॉलेजात आधी माणूस तासिकेवर लागतो. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्याचंच मानधन, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्यानं अर्ज. कित्येकांचे केस या तासिकेवरच पिकतात. मग कधीतरी सरकार एखादी जागा भरायला परवानगी देतं, जाहिरात निघते, मुलाखती होतात. समितीत संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, विद्यापीठाने पाठवलेले दोन तज्ज्ञ आणि सरकारचा एक माणूस. सगळ्यांच्या सह्या झाल्या की विद्यापीठाची मान्यता, आणि नेमणूक. तरी माणूस लगेच सुटत नाही. पुढची दोन वर्षं त्याला पारखतात. या दोन वर्षांत त्याचं कोणाशी वाकडं आलं, कोणाच्या डोळ्यावर आला, तर घरी पाठवता येतं. ती पार पडली की तो कायम होतो. कायम झालेल्या प्राध्यापकाची चाल बदलते, हे मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून पाहिलेलं आहे.

पैशाबद्दल मी लिहिणार नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझ्यासमोर ते कधी घडलं नाही. तेवढी लाज सगळे बाळगतात. मला सांगायचं आहे ते फुकटात होणाऱ्या अन्यायाबद्दल. तो फार गोड बोलून होतो.

एकदा एका कॉलेजात नवराबायको दोघंही उमेदवार होते, दोघंही मराठीचेच. बायको आधी आत आली. तिला विचारलं गेलं, बाळ केवढं आहे, कोण सांभाळतं, तास चुकणार नाहीत ना. मग नवरा आला. त्याला त्याच्या प्रबंधाबद्दल विचारलं गेलं. माझी पाळी आली तेव्हा मी त्याला म्हटलं, बाळ कोण सांभाळतं? तो गोंधळला आणि म्हणाला, ते हिला माहीत असेल. सगळे हसले. मीही हसले, पण माझं हसू त्यांच्यात मिसळलं नाही.

दुसरी गंमत अक्कलकोटकडची. उमेदवार समोर बसलेला असताना समितीतले दोघं आपसात कानडीत बोलत होते. मला कानडी मोडकंतोडकं कळतं. हा बरा आहे पण आपल्यातला नाही, असं चाललं होतं. पोरगा खाली मान घालून ऐकत होता. मुलाखत संपल्यावर तो उठला, नमस्कार केला आणि स्वच्छ कानडीत म्हणाला, "होगि बर्तीनि." जाऊन येतो. त्या दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली. शरमेनं म्हणा की धास्तीनं, निवड त्याचीच झाली. पण सगळ्यांनाच जाताना बोलायला दुसऱ्याची भाषा येते असं नाही.

अशा गोष्टी बघून बघून मी दोन हट्ट धरायला लागले. एक, उमेदवारांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, म्हणजे ठरलेला माणूस ठरलेल्या जागी बसत नाही. दुसरा, प्रत्येकाने आधी खऱ्या मुलांसमोर पाठ घ्यायचा आणि मगच मुलाखत. पर्समध्ये मी माझे खडू घेऊन जायचे. कॉलेजं उमेदवाराच्या हातात खडूचे तुकडे देतात, आणि तुकड्याने लिहिणाऱ्याचं अक्षर वाईट आहे असा शेरा मारतात. या हट्टांमुळे मला मागे खडूबाई म्हणत असत, असं बऱ्याच उशिरा कळलं.

आता नाझनीनची गोष्ट.

कॉलेज शहरातलंच, जुनं, दगडी. मराठीची एक जागा, तीही खुली, म्हणजे कोणीही अर्ज करावा अशी. मार्च संपत आला होता आणि सोलापूरचा मार्च कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. संस्थेचे अध्यक्ष, सगळे त्यांना तात्या म्हणायचे, मूळचे वेळापूरचे. शहरात सगळी हयात गेली तरी बोली गावचीच राहिलेली. अंगानं भारदस्त, गुडघ्यानं माझ्यासारखेच. पाठाचा वर्ग वरच्या मजल्यावर ठेवला होता. तात्यांनी जिन्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "म्या काय वर चढत न्हाय. पाठ हितंच घ्या."

प्राचार्यांच्या खोलीला लागून एक वर्ग होता. पूर्वी दोन्ही मिळून एकच दालन होतं, मध्ये नंतर लाकडी घडीची भिंत घातलेली. तात्यांनी ठरवून टाकलं की मुलं आणि उमेदवार पलीकडे, आम्ही अलीकडे, कूलरसमोर. सगळं ऐकू येतंय की, मग झालं तर. फळ्यावरचं अक्षर दिसणार नाही म्हणून मी कुरकुर केली. पण कूलरचा वारा मलाही हवा होता, हे कबूल करायला हरकत नाही. मुलं सायन्सच्या पहिल्या वर्षाची बसवली होती, ज्यांना मराठी विषयच नव्हता. पाठाचा विषय सगळ्यांना एकच दिलेला, लोकगीत.

पहिल्या उमेदवाराने शोकसभेत बोलावं तसं शिकवलं. दुसऱ्याने लोकगीताची पाच वैशिष्ट्यं सांगितली आणि दरवेळी म्हणाला, लिहून घ्या. तात्यांनी मोठी जांभई दिली. हा संस्थेच्या एका संचालकांचा भाचा होता आणि जागा त्याच्यासाठी निघाली होती, हे मला मागाहून कळलं. चिठ्ठ्यांमुळे हा आवाज त्याचा आहे, हे तात्यांनाही त्या वेळी कळलं नव्हतं. पोरगा तसा वाईट नव्हता, तयारी करून आला होता.

मग तिसरा आवाज आला, बाईचा. तिने लोकगीत हा शब्दच काढला नाही. तिने विचारलं, तुमच्या घरी भाकरी कोण थापतं? मुलं हसली. कोणी म्हणालं आई, कोणी आजी, एक जण म्हणाला मीच, कारण मी खोली करून राहतो. ती म्हणाली, मग बाकावर थापून दाखव. पलीकडून थापांचा आवाज सुरू झाला, आधी एकाचा, मग दोघांचा, मग सगळा वर्ग. सुरुवातीला नुसता गोंधळ. हळूहळू तो एका तालात आला. त्या तालावर तिने साधं घरातलं बोलणं टाकलं, पाऊस नाही, पाणी नाही, धाकटा अजून आला नाही, असंच काही. आणि ते बोलणं राहिलं नाही, गाणं झालं. मुलं हसायची थांबली. मग ती म्हणाली, गाणं आधी रचून मग गायलेलं नाही बरं का. हात आधी सुरू झाला, शब्द मागून आले.

तात्यांनी डोळे मिटले होते. ते हळूच म्हणाले, "कूलर बंद करा जरा." त्या उकाड्यात कूलर बंद झाला आणि आम्ही घामाघूम होऊन ऐकत बसलो. इतक्या वर्षांत मी एवढा चांगला पाठ दोन-तीनदाच ऐकला असेन.

पाठ संपला तसे तात्या डोळे उघडून म्हणाले, "ही बाई आमच्याकडची हाय. वेळापूरच्या अंगाची. आमची आई आशीच बोलायची, शेवटाला हेल काढून. हिलाच घ्या की. बाकीचे ऐकायचे कशाला?"

दुसरे तज्ज्ञ पुण्याहून आलेले, त्यांनीही मान डोलावली. प्राचार्य तेवढे बंद कूलरकडे बघत होते. त्यांना तो आवाज रोजचा होता. नाझनीन मुलाणी याच कॉलेजात कित्येक वर्षं तासिकेवर मराठी शिकवत होती. अध्यक्ष लोक वर्गांवरून फिरकत नाहीत, म्हणून तात्यांना ठाऊक नव्हतं इतकंच. प्राचार्य सज्जन होते. त्यांना पुढचं सगळं दिसत असणार, आणि ते काही बोलले नाहीत.

बाकीचेही पाठ झाले आणि मुलाखती सुरू झाल्या. नाझनीन आत आली. साधी सुती साडी, डोक्यावरून ओढणी, हातात फुगलेली फाईल. तात्यांनी पाठाचा क्रम विचारून घेतला आणि हिचाच तिसरा नंबर कळल्यावर ते क्षणभर थांबले. मग नेहमीचा प्रश्न आला, गाव कुठलं. ती म्हणाली, वेळापूर. तात्यांनी आमच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. ओळखण्यात ते चुकले नव्हते.

"कुणाची गं तू?"

"रसूल मुलाण्यांची नात."

त्यानंतर जे झालं ते मी खोटं म्हणणार नाही. तात्यांचा आवाज खरोखर हलला. रसूलचाचाची मेटाडोर होती. तात्यांच्या आईला शेवटच्या आजारात त्याच मेटाडोरने पंढरपूरला दवाखान्यात नेत, आणि भाड्याचं नाव काढलं की रसूलचाचा रागवायचे. हे सगळं तात्यांनी आम्हाला सांगितलं. म्हातारा कधी गेला, कोण कोण उरलंय, ते तिला विचारलं. तिच्यासाठी चहा मागवला. मुलाखतीत उमेदवाराला चहा देतात हे मी पहिल्यांदाच पाहत होते. तिने तो दोन्ही हातांनी कप धरून प्यायला. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा काम झालेल्या माणसाचा होता. मलाही झालं असंच वाटलं होतं.

दार लागल्यावर तात्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. पोरगी सोन्यासारखी हाय, घरचीच हाय, असं ते म्हणाले. पण मराठीची जागा हाय. उद्या गावात लोक इचारतील, मराठी शिकवाया तुमाला दुसरं कुणी मिळालं न्हाय का. संचालक मंडळात मला बसायचं असतंय. मग त्यांनी भाच्याचं नाव घेतलं.

मी म्हटलं, आत्ताच तर तुम्ही म्हणालात, आमच्याकडची आहे, हिलाच घ्या.

तात्या रागावले नाहीत. एखाद्या लहान मुलीला समजवावं तसे म्हणाले, "आमच्याकडची हाय की मॅडम. आमची न्हाय."

मग समजूत घालणं सुरू झालं, तेही प्रेमाने. तिचे तास कोणी काढणार नाही, मी जिवंत असेपर्यंत ती इथं शिकवेल, हा माझा शब्द, असं तात्या म्हणाले. पुण्याचे तज्ज्ञ म्हणाले, भाचाही पात्र आहेच, नियमात सगळं बसतं, आणि त्यांना पाचची गाडी गाठायची होती. सरकारचा माणूस सही करून मोकळा झाला. प्राचार्यांनीही खाली मान घालून सही केली. कागद माझ्यापुढे आला. मी सही केली नाही. मी विरोधी मत लिहिलं, कारणासकट, त्या पाठासकट. तात्यांनी आधी कोणाच्या आवाजाला काय म्हटलं तेही लिहिलं. खोलीत कोणी मोठ्यानं बोललं नाही. जेवणाला मी थांबले नाही. गाडी आहे म्हणून ड्रायव्हर मागे धावला, पण मी रिक्षा केली. शाल आणि नारळ तिथंच टेबलावर राहिले.

घरी येऊन मी साडी बदलली, भाकरी टाकली आणि एकटीच हसले. इतकं हलकं मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं. माझ्या मुलाखतीतल्या त्या सदस्यांना आज उत्तर दिलं, असंच काहीसं डोक्यात होतं. फोन करून सांगावं असं माणूस मात्र आठवेना. अम्मा असती तर तिला सांगितलं असतं, आणि तिने विचारलं असतं, मग त्या पोरीला नोकरी लागली का.

नाही लागली. विरोधी मत असलेली फाईल अडकून बसली. मान्यता येईना, आणि येईना येईना म्हणता जागा भरायची परवानगीच संपली. भाच्यालाही नोकरी मिळाली नाही. मग त्याच्या मामांचं समाधान करायला संस्थेने जूनपासून त्याला तासिकेवर घेतलं. तास मोजकेच असतात. त्याला द्यायचे तर कोणाचे तरी काढायला हवेत. नाझनीनचे काढले. तात्यांचा शब्द माझ्या सहीला बांधलेला होता, हे मला तेव्हा उमजलं.

जुलैत ती माझ्या घरी आली. मी चहा केला. ती रडेल असं मला वाटलं होतं, आणि मी काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. ती रडली नाही. तिने शांतपणे सांगितलं की नवऱ्याचं बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान आहे, दोन मुली आहेत, आणि तासिका म्हणजे थोडंच असलं तरी त्यावर मुलींची शाळा चालत होती. घरी बसल्यापासून सासू म्हणते, सोड आता ते मराठीचं वेड.

मी म्हटलं, मी अन्यायाच्या कागदावर सही कशी करायची?

ती म्हणाली, "करू नका असं नाही म्हणत मी. पण मॅडम, मला एकदा विचारायचं तरी. मी बाहेर बाकावरच बसले होते की." मग म्हणाली, "भांडण माझं होतं. तुम्ही तुमचं भांडून गेलात."

कप धुऊन ठेवते म्हणाली आणि खरंच धुऊन ठेवून गेली.

त्या वाक्याशी मी अजून भांडते आहे. मी सही केली असती तर ती पाच, दहा, पंधरा वर्षं तासिकेवरच राहिली असती आणि तात्यांनी दर दिवाळीला तिला मायेने चहा पाजला असता. समितीच्या तज्ज्ञाने उमेदवाराला बाहेर जाऊन विचारायचं नसतं, हाही नियमच आहे. मी बरोबर होते असंच मला वाटतं. पण बरोबर असणं घरात बोलायला येत नाही. संध्याकाळी दिवा लावला की खोलीत मी असते आणि माझं ते बरोबर असणं.

त्यानंतर माझ्याकडे गाड्या यायच्या थांबल्या. कोणी भांडलं नाही, कोणी तोंडावर काही बोललं नाही. समारंभात भेटले की तब्येत विचारत आणि दुसऱ्या खुर्चीकडे वळत. तोवर मी निवृत्तही झाले होते. फोन वाजला तर बँकेचा किंवा गॅसवाल्याचा. खालच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारायच्या, आज कुठं निवड नाही वाटतं? मी म्हणायचे, हल्ली निवडीच कमी झाल्यात.

काही वर्षांनी विद्यापीठातून अचानक पत्र आलं. तिथल्या नव्या अधिकाऱ्याला माझा इतिहास कोणी सांगितला नसावा. तासाभराच्या अंतरावरच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मराठीची जागा होती, तज्ज्ञ म्हणून मी. मला किती आनंद झाला ते लिहायलाही संकोच वाटतो. साडी इस्त्रीला दिली. नव्या खडूंची पेटी आणली.

तज्ज्ञ कोण येणार हे गुपित असतं, म्हणजे उमेदवारांना ते आमच्या आधी कळतं. दोन दिवस राहिले असताना नाझनीनचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिलाच. आवाज तोच, शेवटाला हेल काढणारा. आधी गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाली, "मॅडम, त्या मुलाखतीला मी आहे. तुम्ही येऊ नका."

मी कारण विचारलं. ती म्हणाली, तुम्ही समोर असलात तर मी पाठ चांगला घेतला तरी लोक म्हणतील खडूबाईंचं माणूस. मागचं सगळ्यांना माहीत आहे. मला नुसतं माझं म्हणून एकदा उभं राहू द्या.

तसंही ओळखीच्या उमेदवारासमोर तज्ज्ञाने बसू नये, हा साधा न्याय आहे, आणि तो मला तिच्याकडून ऐकावा लागला नसता तर बरं झालं असतं. मी विद्यापीठाला कळवलं की प्रकृती ठीक नाही. मुलाखतीच्या दिवशी इस्त्रीची साडी घडीतच राहिली. दुपारी मी जेवायला बसले तेव्हा तिकडे पाठ चालू असेल असं मनात आलं, आणि मी ताटाच्या कडेवर बोटांनी थापून बघितलं. घरात मी एकटीच असल्याने ते कोणी पाहिलं नाही.

तिला घेतलं. कशामुळे, हे मला माहीत नाही. तिथं चांगली समिती असेल, चांगला अध्यक्ष असेल. दुसरा कोणी आलाच नसेल, असा विचार मी तिच्याबाबत करत नाही, तो मी माझ्यापुरताच ठेवला आहे.

त्याच संध्याकाळी तिने फोन केला. या वेळी ती रडली. मीही. मग नाक ओढत म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. कायम होईपर्यंत मला फोन करू नका. कुठं दिसले तर ओळखसुद्धा देऊ नका. हितं तात्यांचे पाव्हणे हायत संस्थेत." रडताना तिची गावची बोली आली. मी म्हटलं, बरं. दोन वर्षं म्हणजे काही फार नाहीत.

संपादकांना मी लेख दिला नाही तो या दोन वर्षांत. नावं बदलली तरी सोलापुरात माणूस ओळखायला वेळ लागत नाही.

ती राहायला शहरातच होती, त्यामुळे गाठ पडणारच होती. मी शेंगाचटणी नेहमी ज्या दुकानातून घेते तिथं एका संध्याकाळी ती आली, सोबत तिच्या कॉलेजच्या दोन बाया असाव्यात. माझ्याकडे तिचं लक्ष गेलं. मी लगेच डब्यांकडे वळले आणि दुकानदाराला विचारत राहिले की ही तिखट कुठली आणि लसणाची कुठली, जणू मी आयुष्यात पहिल्यांदाच चटणी घेते आहे. ती पाठीमागून बोलत होती, हसत होती, आणि मी ऐकत होते. नंतरही दोन-तीनदा असंच झालं. एकदा पार्क चौकात, एकदा लग्नात. लग्नात तर आम्ही एकाच पंगतीत, मध्ये चार पानं सोडून बसलो होतो. तिच्या धाकट्या मुलीने मला पाणी वाढलं. मी तिला नावही विचारलं नाही.

या जूनमध्ये ती कायम झाली. मला तिच्या कॉलेजातल्या एका शिपायाने सांगितलं. तो आमच्याकडून तिकडे बदलून गेलेला. ऐकून मी घरी आले आणि फोन टेबलावर समोर ठेवला. तो दिवस गेला, आठवडा गेला. फोन तिने करायचा की मी, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. मनाई तिची होती, तेव्हा उठवायचीही तिनेच, असं मी म्हणत राहिले. तिकडे तीही काही म्हणत असेल. विसरली असेल असं मला वाटत नाही. मुली, घर, नवी नोकरी, त्यात राहून गेलं असेल. आणि मग मी संपादकांना कळवलं की या वर्षी लेख देते.

गेल्या आठवड्यात मी चटणी घ्यायला गेले होते. ती समोरून आली, या वेळी एकटीच. चाल बदललेली होती, ती मी लांबूनच ओळखली. तिने मान वर केली, आणि मी नजर वळवली. सवयीने. डब्यांकडे बघत मी लसणाची कुठली आणि तिखट कुठली ते विचारलं. दुकानदाराने मापात चटणी घेतल्यावर माझ्या लक्षात आलं की आता याची काही गरज उरलेली नाही. मी वळून पाहिलं तेव्हा ती गेलेली होती. दुकानदार विचारत होता, किती देऊ. मी म्हटलं, पाव किलो दे, एकटीला महिनाभर पुरते.